सिरॅक्यूजचा गणिती आर्किमिडीज

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासास आरंभ केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवर आर्किमिडीज हें नांव पडतें, आणि तें बहुधा एका गोष्टीच्या संगतीनें पडतें. स्नानगृहांतील हौदांत उतरलेला एक विद्वान पाणी वर चढलेलें पाहून अंगावर वस्त्र न घेतांच आनंदानें ओरडत रस्त्यानें धांवत सुटला, हीच ती गोष्ट. ती इतकी गोड आहे कीं, तिच्या गोडींत खरा आर्किमिडीज बुडून जातो. ज्या पुरुषानें गोलाचें घनफळ निश्चित केलें, परीघ व व्यास यांच्या प्रमाणास दोन मर्यादांच्या कचाट्यांत पकडलें, आणि सत्तरी उलटल्यावर केवळ बुद्धीच्या बळावर रोमच्या सेनापतीस आपल्या नगराच्या तटाबाहेर थोपवून धरलें, त्याची ओळख ओल्या अंगानें धांवणारा वेडा म्हणून राहावी, हें योग्य नव्हे. शिवाय त्याच्या बाबतींत एक प्रश्न असा आहे कीं, तो विद्वानांना शतकानुशतकें छळीत होता : हीं प्रमेयें त्याला सुचलीं तरी कशीं? त्या प्रश्नाचें उत्तर अखेरीस एका खरडून पुसलेल्या पोथींत सांपडलें. तेथपर्यंत पोहोंचण्यासाठीं प्रथम त्याच्या चरित्राकडे वळूं.

त्याचा जन्म इ. स. पूर्वीं २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिरॅक्यूज या नगरांत झाला. कॉरिंथच्या ग्रीक लोकांनीं इ. स. पूर्वीं आठव्या शतकांत वसविलेलें हें बंदर त्या काळीं भूमध्यसमुद्रावरील अत्यंत श्रीमंत नगरांपैकीं एक होतें. एका बाजूस रोम व दुसऱ्या बाजूस कार्थेज अशा दोन बलाढ्य सत्ता, आणि मधोमध हें नगर. जात्यांतील दाण्यासारखी त्याची स्थिति होती. परंतु दुसरा हायरो या शहाण्या राजानें इ. स. पूर्वीं २६३ मध्यें रोमशीं सख्य केलें आणि तें मरेपर्यंत पाळलें. त्यामुळें जवळजवळ अर्धशतक नगराला स्वास्थ्य लाभलें, व आर्किमिडीजचें बहुतेक सर्व काम या स्वास्थ्याच्या छायेंत झालें. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणें तो या राजाचा नातलगच होता. त्याचा पिता फायडियस हा ज्योतिषी होता. सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या बारापट आहे असें आपल्या पित्याचें मत असल्याचें आर्किमिडीजनें एके ठिकाणीं नमूद केलें आहे. खरें प्रमाण सुमारें ४०० पट आहे. पण चुकीच्या त्या एका आंकड्याबरोबरच पित्याचें नांव मात्र अमर झालें! हेराक्लायडीज नांवाच्या लेखकानें आर्किमिडीजचें एक चरित्र लिहिलें होतें, तें काळाच्या उदरांत गडप झालें आहे. त्यामुळें त्याचें घर, कुटुंब, बाळपण यांविषयीं लिहावयाचें तर कल्पनेचाच आश्रय करावा लागेल. तो मोह टाळलेला बरा.

त्याच्या मनाची खरी ओळख होते ती त्याच्या पत्रांतून. त्या काळीं विद्येचें माहेरघर म्हणजे ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया. तेथील विद्वानांशीं त्याचा निकट स्नेह होता, व आपले बहुतेक ग्रंथ त्यानें त्यांस उद्देशून पत्ररूपानेंच लिहिले. सामोस बेटाचा कोनोन हा त्याचा सर्वांत आवडता मित्र. तो अकालीं वारल्यावर आर्किमिडीज डोसिथियस नांवाच्या दुसऱ्या गणित्यास लिहूं लागला, परंतु त्या पत्रांतून कोनोनची आठवण पुनःपुन्हा येते. आपल्या प्रमेयांची खरी पारख करणारा गेला, हें दुःख त्याला विसरतां आलें नाहीं. तो प्रथम नुसतीं प्रमेयें पाठवी आणि सिद्धता शोधण्याचें काम मित्रांवर सोपवी. सिद्धता न देतां सर्व कांहीं आपणांस सांपडल्याची बढाई मारणारे लोक त्याही काळीं होतेच. त्यांची फजिती करण्यासाठीं त्यानें आपल्या यादींत दोन चुकीचीं प्रमेयें मुद्दाम घुसडून दिलीं होतीं, आणि पुढें सर्पिल वक्रावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेंत तें गुपित फोडून टाकलें. एवढ्या गंभीर गणित्याच्या अंगीं हा खट्याळपणाही होता, हें वाचून त्याच्याविषयीं जवळीक वाटूं लागते.

आतां त्या मुकुटाच्या गोष्टीकडे येऊं. ती सांगितली आहे व्हिट्रूव्हियस या रोमन शिल्पशास्त्रज्ञानें, आणि तीही आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. हायरो राजानें देवाला अर्पण करण्यासाठीं सोन्याचा मुकुट करविला. सोनारानें कांहीं सोनें काढून तितक्याच वजनाचें रुपें मिसळल्याचा संशय आला. आणि आर्किमिडीजनें मुकुट पाण्यांत बुडवून, सांडलेलें पाणी मोजून, चोरी उघडकीस आणली, असें तो सांगतो. यावर थोडा हिशेब करून पाहावा. समजा, मुकुट १ किलोग्रॅमचा होता व त्यांत ३०० ग्रॅम रुपें होतें. शुद्ध सोन्याचा १ किलोग्रॅम सुमारें ५२ घन सेंटिमीटर जागा व्यापतो; हें मिश्रण सुमारें ६५ घन सेंटिमीटर व्यापील. फरक १३ घन सेंटिमीटरांचा. मुकुट मावेल असें पात्र घ्यावयाचें तर त्याचें तोंड २० सेंटिमीटर तरी रुंद हवें, आणि तेवढ्या पात्रांत १३ घन सेंटिमीटरांनीं पाणी अर्धा मिलिमीटरही वर चढत नाहीं. कांठाशीं फुगून राहणारें पाणीच याहून अधिक घोटाळा करील. परंतु तराजूच्या एका टोंकाला मुकुट व दुसऱ्या टोंकाला तितकेंच शुद्ध सोनें टांगून दोन्ही पाण्यांत बुडविलीं, तर मुकुटाची बाजू १३ ग्रॅमांनीं हलकी होऊन वर जाते, व चोरी तत्काळ डोळ्यांना दिसते. गॅलिलिओनें वयाच्या बाविसाव्या वर्षीं, इ. स. १५८६ मध्यें, एका लहानशा निबंधांत हाच आक्षेप घेऊन तराजूचाच मार्ग आर्किमिडीजच्या बुद्धीला शोभणारा आहे असें प्रतिपादिलें. आम्हांसही तेंच पटतें.

द्रवांत बुडालेल्या पदार्थाचें वजन त्यानें दूर सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकें कमी होतें, हा नियम मात्र आर्किमिडीजच्या स्वतःच्या ग्रंथांत आहे, आणि तेथें ना मुकुट आहे ना स्नानगृह. तरंगत्या पदार्थांवरील त्या ग्रंथाचा आरंभ केवढ्या उंचीवरून होतो पाहा : स्थिर असलेल्या कोणत्याही द्रवाचा पृष्ठभाग पृथ्वीच्या मध्याभोंवतीं काढलेल्या गोलाचा भाग असतो, हें तो प्रथम सिद्ध करतो. म्हणजे पेल्यांतील पाणीही पृथ्वीच्या गोलाईशीं बांधलेलें आहे! ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत अन्वस्ताकृति घन पदार्थ पाण्यांत तिरपा केला असतां केव्हां सरळ होईल व केव्हां कलता राहील, याचा विचार आहे. जहाजाच्या बुडाचा तोल कसा राहतो या प्रश्नाचें हें बीज होय.

तरफेचा उपयोग मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे, परंतु समतोल असतांना वजनें त्यांच्या अंतरांच्या व्यस्त प्रमाणांत असतात, हें थोड्या गृहीत तत्त्वांपासून पायरीपायरीनें सिद्ध करण्याचें श्रेय आर्किमिडीजचें आहे. गुरुत्वमध्याच्या कल्पनेचा एवढा पद्धतशीर उपयोगही प्रथम त्याच्याच ग्रंथांत आढळतो. उभें राहण्यास जागा मिळाली तर आपण पृथ्वीही हलवूं, ही त्याची प्रौढी सर्वश्रुत आहे. प्लुटार्क सांगतो कीं, राजानें प्रत्यय मागितला तेव्हां माणसें व माल यांनीं भरलेलें एक जहाज त्यानें दूर बसून, कप्प्यांच्या दोरास हलकेच हात लावून, पाण्यांत तरंगत असल्यासारखें सहज ओढून आणलें. नळींत फिरणाऱ्या मळसूत्रानें पाणी वर चढविण्याच्या यंत्राला आजही त्याचेंच नांव आहे. ईजिप्तमध्यें शेतीला पाणी देण्यासाठीं व स्पेनमधील खाणींतील पाणी उपसण्यासाठीं तें वापरीत, असें डायोडोरस हा इतिहासकार लिहितो.

वर्तुळाच्या बाबतींत त्यानें योजिलेली युक्ति आजच्या विद्यार्थ्यालाही करून पाहतां येईल. वर्तुळाच्या आंत एक षट्कोन काढावा व बाहेरून स्पर्श करणारा दुसरा षट्कोन काढावा. वर्तुळाचा परीघ या दोहोंच्या मध्यें सांपडतो. मग बाजूंची संख्या दुप्पट करीत जावें : १२, २४, ४८, ९६. प्रत्येक वेळीं आंतली आकृति बाहेर सरकते, बाहेरची आंत येते, व बिचाऱ्या परिघाला हलण्यास जागा उरत नाहीं. ९६ बाजूंपर्यंत जाऊन आर्किमिडीजनें दाखविलें कीं, परीघ व्यासाच्या ३ १/७ पटीहून कमी व ३ १०/७१ पटीहून अधिक आहे. शाळेंत आपण जें २२/७ वापरतों तें या ३ १/७ चेंच रूप. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, त्याच्याजवळ शून्य नव्हतें, दशमान स्थानपद्धति नव्हती. ग्रीक लोक अक्षरांनीं संख्या लिहीत. अशा सामग्रीनिशीं त्यानें तीनाचें वर्गमूळ २६५/१५३ व १३५१/७८० यांच्या मध्यें आहे असें एका दमांत सांगितलें आहे. यांतील दुसरा आंकडा सहाव्या दशांश स्थळापर्यंत अचूक आहे. आपल्याकडे आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें हेंच प्रमाण ३.१४१६ इतकें सूक्ष्म दिलें, व भास्कराचार्यांनीं लीलावतींत २२/७ हें स्थूल व ३९२७/१२५० हें सूक्ष्म मान म्हणून सांगितलें. परंतु खरी संख्या अमुक दोन मर्यादांच्या बाहेर जाऊंच शकत नाहीं, अशा सिद्धतेसह ती पकडण्याची आर्किमिडीजची रीत निराळीच होय.

संख्यांच्या या दारिद्र्यावर त्यानें स्वतःच एक उपाय काढला. ग्रीक भाषेंत दहा हजारापुढें स्वतंत्र संख्यानाम नव्हतें. वाळूचे कण असंख्य आहेत असें लोक म्हणत. हायरोचा पुत्र गेलोन यास उद्देशून लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथांत आर्किमिडीज म्हणतो कीं, समुद्रकांठची वाळू राहूं द्या, सर्व विश्व जरी वाळूनें ठासून भरलें तरी त्या कणांची संख्या आपण सांगूं. खसखशीच्या एका दाण्यांत दहा हजारांहून अधिक कण मावत नाहींत, येथून प्रारंभ करून तो नक्षत्रांच्या गोलापर्यंत जातो, व उत्तर काढतो : एकावर त्रेसष्ट शून्यें, याहून अधिक नाहीं. आपला परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. आर्किमिडीजनें त्या ग्रंथांत संख्यांचीं जीं नांवें रचलीं त्यांतील शेवटची संख्या लिहावयाची तर एकावर पाऊण परार्धाहून अधिक शून्यें मांडावीं लागतील! विश्वाचा आकार शक्य तेवढा मोठा धरण्यासाठीं त्यानें ॲरिस्टार्कसची, पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते ही कल्पना घेतली. ॲरिस्टार्कसचा तो ग्रंथ नष्ट झाला आहे. कोपर्निकसच्या अठराशें वर्षें आधीं एका ग्रीक विद्वानानें असें म्हटलें होतें, याचा सर्वांत भरंवशाचा पुरावा या वाळूच्या हिशेबांतच सांपडतो.

पण आर्किमिडीजला स्वतःला आपल्या सर्व शोधांत जो प्रिय होता तो निराळाच. एखादा चेंडू त्याला वर, खालीं व भोंवतीं अगदीं चिकटून बसेल अशा दंडगोलांत ठेवला, तर चेंडूचें घनफळ दंडगोलाच्या घनफळाच्या बरोबर दोनतृतीयांश असतें. आणि आश्चर्य हें कीं, चेंडूचें पृष्ठफळही त्या दंडगोलाच्या, झांकण व बूड धरून, एकंदर पृष्ठफळाच्या दोनतृतीयांशच असतें. गोलाचें पृष्ठफळ त्याच्या मध्यवर्तुळाच्या चौपट असतें हेंही त्यांतच आलें. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांच्या लीलावतींतही (इ. स. ११५०) हा चौपटीचा नियम आहे, व गोलाच्या पृष्ठभागाला चेंडूवर विणलेल्या जाळ्याची सुंदर उपमा दिली आहे. आर्किमिडीज नियम सांगून थांबत नाहीं. गोल दोनतृतीयांशाहून मोठा मानला तर विरोध येतो, लहान मानला तरी विरोध येतो, म्हणून तो तितकाच असला पाहिजे, अशा दुहेरी कात्रींत तो वाचकाला पकडतो. या सिद्धतेंतून सुटका नाहीं, पण तिच्यांत एक उणीव भासते. उत्तर दोनतृतीयांश आहे हें आधींच ठाऊक असल्याशिवाय तिला आरंभच करतां येत नाहीं. मग हें उत्तर त्याला आधीं कोणी सांगितलें? सतराव्या शतकांतील इंग्रज गणिती वॉलिस याचा तर स्पष्ट आरोप होता कीं, आर्किमिडीजनें आपली शोधाची रीत पुढील पिढ्यांपासून जाणूनबुजून दडवून ठेविली.

इ. स. पूर्वीं २१५ मध्यें वृद्ध हायरो मरण पावला. गेलोन त्याच्या आधींच वारला होता. नातू हायरोनिमस गादीवर आला. त्या अल्लड पोरानें आजोबाचें धोरण टाकून कार्थेजशीं सूत जुळविलें, व वर्षभरांतच त्याचा खून झाला. नगर कार्थेजच्या पक्षपात्यांच्या हातीं गेलें, आणि इ. स. पूर्वीं २१३ मध्यें रोमचा सेनापति मार्सेलस समुद्रावरून व त्याचा सहकारी अॅपियस जमिनीवरून चालून आले. थोड्याच दिवसांत नगर घेऊं अशा भरंवशानें ते आले होते, पण तटाच्या आंत एक म्हातारा आहे हें त्यांच्या हिशेबांत नव्हतें.

पॉलिबियस हा इतिहासकार या वेढ्यानंतर थोड्याच वर्षांत जन्मला, म्हणून त्याचें वर्णन सर्वांत विश्वसनीय समजावें. आर्किमिडीजनें लांब, मध्यम व जवळच्या अशा निरनिराळ्या पल्ल्यांचीं गोफणयंत्रें आधींच सज्ज ठेविलीं होतीं. शत्रु जसजसा पुढें येई तसतसें लहान पल्ल्याचें यंत्र सुरू होई. मार्सेलसनें रात्रीं गुपचूप अगदीं तटाशीं येऊन पाहिलें. परंतु तटालाच माणसाच्या उंचीवर भोंकें पाडून त्यांतून बाण सोडण्याची व्यवस्था केलेली होती. रोमन लोकांनीं जहाजें जोडजोडीनें बांधून त्यांवर मोठ्या शिड्या उभारल्या होत्या; तटावरून तुळया बाहेर येत व त्या शिड्यांवर प्रचंड दगड व शिशाचे गोळे टाकीत. सर्वांत भयंकर होता तो लोखंडी पंजा. सांखळीला बांधलेला तो पंजा जहाजाची नाळ पकडी, तटामागें तरफेचें टोंक खालीं दाबलें जाई, जहाज शेपटीवर उभें राही, आणि मग एकदम सुटून समुद्रांत आपटे. प्लुटार्क म्हणतो कीं, पुढें पुढें तटावरून एखादी दोरी किंवा लांकडाचा तुकडा जरी डोकावला तरी रोमन शिपाई पाठ फिरवून पळूं लागत. आरशांनीं सूर्यकिरण एकवटून जहाजें जाळल्याची जी कथा आहे, ती मात्र पॉलिबियस, लिव्ही व प्लुटार्क यांपैकीं एकाच्याही वर्णनांत नाहीं. ती फार मागाहूनची आहे, व ती खरी धरण्यास आमचें मन घेत नाहीं.

मार्सेलसनें हल्ल्याचा नाद सोडला व नगर उपाशी मारण्याचें ठरविलें. शेवटीं तट पडला तो यंत्रांनीं नव्हे. एका कैद्याच्या सुटकेविषयीं तटाजवळ बोलणीं चाललीं असतां एका रोमन शिपायानें एका बुरुजाच्या दगडांचे थर मोजले, एका थराची उंची अंदाजली, आणि बुरूज समजला जातो तितका उंच नाहीं, साध्या शिडीनें चढतां येईल, असें गणित केलें. ज्या नगरांत जगांतील सर्वश्रेष्ठ गणिती राहत होता तें नगर गुणाकाराच्या एका लहानशा उदाहरणानें शत्रूच्या हातीं जावें, हा केवढा दैवदुर्विलास! आर्टेमिस देवीच्या उत्सवाची रात्र होती, पहारेकरी मद्य पिऊन झोंपले होते, आणि शिड्या लागल्या. आंतील भाग आणखी कांहीं महिने लढला, इ. स. पूर्वीं २१२ मध्यें फितुरीनें तोही पडला, व लूट सुरू झाली.

त्या लुटींत आर्किमिडीज मारला गेला. प्लुटार्कनें याविषयीं तीन हकीकती दिल्या आहेत. एकींत तो आकृतींत इतका गढून गेला होता कीं, प्रमेय पुरें केल्याशिवाय मार्सेलसकडे येण्यास त्यानें नकार दिला. दुसरींत उगारलेली तलवार पाहून त्यानें थोडा वेळ मागितला, उत्तर अर्धवट राहूं नये म्हणून. तिसरींत तो आपलीं गणिताचीं उपकरणें पेटींत घालून मार्सेलसकडे नेत असतां पेटींत सोनें आहे असें समजून शिपायांनीं त्याला ठार केलें. तीन्ही हकीकतींत मारणारा निनांवी आहे. मार्सेलसला मनापासून वाईट वाटलें व त्यानें आर्किमिडीजच्या आप्तांचा शोध करून त्यांचा सन्मान केला, याविषयीं मात्र दुमत नाहीं. ग्रहांच्या गति दाखविणारा आर्किमिडीजनें बनविलेला एक गोल मार्सेलसनें रोमला नेला. तो पुढें सिसेरोच्या काळींही तेथें होता.

आपल्या थडग्यावर दंडगोलांत बसविलेल्या गोलाची आकृति असावी, अशी इच्छा त्यानें प्रकट केली होती, व ती पाळली गेली. इ. स. पूर्वीं ७५ मध्यें सिसेरो सिसिलींत कोषाधिकारी असतांना त्यानें तें थडगें शोधलें. सिरॅक्यूजच्या लोकांना तें ठाऊकच नव्हतें. असें थडगें येथें नाहींच, असें ते सांगत. कांटेरी झुडपांच्या वर डोकावणाऱ्या एका लहानशा स्तंभावर त्याला गोल व दंडगोल दिसले. लगेच कोयतेवाले पाठवून त्यानें जागा साफ करविली. तें थडगें पुढें पुन्हा हरवलें. आज प्रवाशांना जें दाखवितात तें रोमन काळांतील निराळेंच दफनगृह आहे.

प्लुटार्कनें असें लिहून ठेविलें आहे कीं, आर्किमिडीज यंत्रविद्येला हलकी समजे, व म्हणून त्यानें तिच्यावर ग्रंथ लिहिले नाहींत. दोन हजार वर्षें लोकांनीं तें खरें मानलें. आतां त्यांत दुरुस्ती करावी लागते, आणि त्याचें कारण ती पोथी.

दहाव्या शतकांत कॉन्स्टंटिनोपल येथें कोणा लेखकानें आर्किमिडीजचे कांहीं ग्रंथ चर्मपत्रावर उतरून घेतले. चर्मपत्र महाग, म्हणून इ. स. १२२९ मध्यें एका धर्मगुरूनें तीं पानें सुटीं करून, खरडून, आडवीं दुमडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्या काळीं हा प्रघातच होता, आणि प्रार्थनापुस्तक म्हणून मठांत जपून ठेविल्यामुळेंच तीं पानें वांचलीं. इ. स. १९०६ मध्यें हायबेर्ग या डॅनिश पंडितानें कॉन्स्टंटिनोपलमध्यें ती पोथी पाहिली. भिंग लावून प्रार्थनांच्या ओळींखालचीं पुसट अक्षरें तो वाचूं लागला, तों एरॅटोस्थेनीस या अलेक्झांड्रियाच्या विद्वानास लिहिलेलें एक संबंध पत्र त्याच्या हातीं आलें. आपण प्रमेयें कशीं शोधतों, हें आर्किमिडीजनें त्यांत मोकळेपणानें सांगितलें होतें. वॉलिसचा आरोप खोटा ठरला. गुपित दडविलें नव्हतें, हरवलें होतें.

आणि तें गुपित म्हणजे तराजू! मधोमध टेकू असलेली एक दांडी कल्पावी. तिची प्रत्येक भुजा गोलाच्या व्यासाइतकी. उजव्या भुजेवर टेकूला स्पर्श करून तो गोल ठेवावा. त्याच जागीं, टेकूशीं टोंक असलेला एक शंकु व त्याच बुडाचा व उंचीचा एक मोठा दंडगोल कल्पावा. दोहोंची उंची गोलाच्या व्यासाइतकी, व बुडाची त्रिज्याही व्यासाइतकीच. आतां दांडीला काटकोन करून कोठेंही सुरी फिरविली तर तिघांच्या तीन गोल चकत्या निघतात. भूमितीनें असें दिसतें कीं, गोलाची व शंकूची चकती उचलून डाव्या टोंकाला टांगल्या, तर त्या दंडगोलाच्या जागच्या चकतीला बरोबर तोलतात. प्रत्येक चकतीचें तेंच. म्हणून सबंध गोल व सबंध शंकु डाव्या टोंकाला टांगले असतां ते जागच्या दंडगोलाला तोलतील. दंडगोलाचें वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे अर्ध्या भुजेवर पडतें; तेव्हां गोल व शंकु मिळून दंडगोलाच्या निम्मे. शंकु एकतृतीयांश असतो हें ठाऊकच होतें. राहिला गोल, तो या मोठ्या दंडगोलाच्या एकषष्ठांश. पण गोलाला चिकटून बसणारा दंडगोल या मोठ्याच्या चौथाई आहे. म्हणून गोल त्याच्या चारषष्ठांश, अर्थात् दोनतृतीयांश!

ज्या तरफेनें त्यानें जहाजें उलटीं केलीं तिनेंच त्यानें गोल तोलला होता. या रीतीला तो सिद्धता म्हणत नाहीं. उत्तर आधीं कळलें म्हणजे सिद्धता शोधणें सोपें जातें, एवढाच तिचा उपयोग तो मानतो. याच पत्रांत तो शंकूच्या नियमाचें श्रेय वांटून देतो : सिद्धता युडोक्ससची, परंतु सिद्धतेवांचून का होईना, तें प्रथम सांगणाऱ्या डेमोक्रिटसचा वाटाही लहान समजूं नये, असें त्याचें मत आहे. शोध आणि सिद्धता यांची दोन निराळीं कामें म्हणून एवढी स्वच्छ फोड त्या काळच्या दुसऱ्या कोणा गणित्यानें केलेली आमच्या वाचनांत नाहीं.

पुढें पहिल्या महायुद्धानंतर ती पोथी पुन्हा नाहींशी झाली. एका फ्रेंच कुटुंबाकडून ती बाहेर आली तेव्हां बुरशीनें तिची चाळण झाली होती, कांहीं पानें गेलीं होतीं, आणि किंमत वाढावी म्हणून कोणीतरी विसाव्या शतकांतच चार पानांवर जुन्या धर्तीचीं बनावट चित्रें रंगविलीं होतीं. इ. स. १९९८ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलावांत ती २० लक्ष डॉलरांस विकली गेली. विकत घेणाऱ्यानें ती बाल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयाच्या स्वाधीन केली, व तेथें दहा वर्षें तिच्यावर काम चाललें. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत पानांचीं छायाचित्रें घेतलीं. चित्रांखालीं दडलेल्या मजकुरासाठीं स्टॅनफर्ड येथें तीव्र क्ष-किरणांचा उपयोग केला, कारण जुन्या शाईंत लोह होतें व तें त्या किरणांनीं उजळून दिसे. हायबेर्गला न वाचतां आलेल्या कितीतरी ओळी अशा रीतीनें हातीं आल्या. तरंगत्या पदार्थांवरील ग्रंथाचा मूळ ग्रीक पाठ राखून ठेवणारी हीच एक पोथी आहे.

एरॅटोस्थेनीसला लिहिलेल्या त्या पत्राच्या आरंभींच आर्किमिडीजनें अशी आशा प्रकट केली आहे कीं, ही रीत एकदां समजली म्हणजे आज असलेले किंवा पुढें होणारे कोणीतरी हिच्या साहाय्यानें आपणांस न सुचलेलीं प्रमेयें शोधून काढतील. अशीं प्रमेयें सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्स यांनीं शोधून काढलीं. हें पत्र त्या दोघांच्याही पाहण्यांत कधीं आलें नाहीं.